पोर्तुगालच्या रेड वाइन्स: रोजच्या जेवणासोबत बरेच महिने पिऊन झालेलं मत

नोकरीमुळे लिस्बनला राहतेय. इथे वाइन म्हणजे काही खास प्रसंगाची वस्तू नाही, सुपरमार्केटात चार-पाच युरोत नीट पिण्यासारखी रेड मिळते आणि आठवड्याला एक बाटली आमच्याकडे उघडतेच. एवढं पिऊन झाल्यावर एक सांगते, बाटली घेताना द्राक्षाचं नाव शोधत बसू नका, प्रदेश बघा. बहुतेक वाइन्स तीन-चार जातींची द्राक्षं मिसळून केलेल्या असतात, वर एकाच द्राक्षाला अलेंतेजो प्रदेशात आरागोनेज म्हणतात, दोरू प्रदेशात तिंता रोरिज, आणि ते मुळात स्पेनचं टेम्प्रानियो. कशाला डोकं खपवायचं!

सगळे सुरुवात करतात अलेंतेजोपासून. दक्षिणेचा सपाट, उन्हाने भाजून निघणारा भाग, बुचाची झाडं तिथलीच. उन्हामुळे द्राक्षं भरपूर गोड होतात, त्या साखरेचंच अल्कोहोल होतं, म्हणून ते सहज १४, १४.५ टक्के, वाइन मऊ, काळसर, पहिल्याच घोटाला आवडणारी. चीज, ग्रिल केलेलं मटण वगैरेंसोबत मस्त. पण आपल्या तिखट रश्श्यासोबत नको, जास्त अल्कोहोलने तोंडातली आग अजून भडकते. तिथे मातीच्या मोठ्या रांजणातही वाइन करतात, रोमन काळापासूनची पद्धत आहे, आणि ते रांजण ११ नोव्हेंबरला सेंट मार्टिनच्या दिवशी उघडतात. ती मात्र संधी मिळाली तर प्याच, थोडी रांगडी लागते पण मजा येते.

माझी खरी आवडती दाओं. उत्तरेकडे, चारी बाजूंनी डोंगर, ग्रॅनाइटची जमीन, रात्री गार, त्यामुळे आंबटपणा टिकतो आणि वाइन हलकी, सुगंधी राहते. घरच्या मटणाच्या रस्स्यासोबत, अगदी भरल्या वांग्यासोबतसुद्धा हीच चालते. एवढी चांगली असून स्वस्त का, तर नाव मागे पडलंय म्हणून. हुकूमशहा सालाझारच्या काळात १९४०च्या दशकापासून तिथे द्राक्षं विकत घ्यायचा हक्क जवळजवळ फक्त सहकारी संस्थांकडे होता (सहकार म्हटल्यावर आपले कान टवकारतातच), स्पर्धाच नाही, मग दर्जा घसरला. १९८६ला देश युरोपियन समुदायात गेला आणि त्यानंतर ती मक्तेदारी मोडली. आता छोटे उत्पादक सुंदर काम करतायत, पण भाव अजून दोरूएवढे चढलेले नाहीत.

दोरूबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. इतिहास मोठा, १७५६लाच तेव्हाचा पोर्तुगालचा मंत्री पोंबालने प्रदेशाची हद्द आखून दिली होती, नदीकाठच्या उभ्या चढांवर शिस्ट दगडाच्या पायऱ्या, दृश्य बघून थक्क व्हाल. पण शतकानुशतकं तिथे सगळं लक्ष पोर्टवर, म्हणजे ब्रँडी घालून केलेल्या गोड वाइनवर, नुसत्या रेडमधली पहिली गाजलेली बार्का वेल्या १९५२ची. त्या पायऱ्यांवर बरीचशी तोडणी हातानेच, खर्च जास्त, म्हणून चार युरोच्या दोरूत फारसं काही हाती लागत नाही. बारा-पंधरा युरो काढणार असाल तरच घ्या, मग मात्र दाट, मसालेदार, पैसे वसूल.

बायराडा सगळ्यांसाठी नाही. बागा नावाचं द्राक्ष, जाड चिकणमाती, अटलांटिकचा पाऊस, तरुण बाटली उघडली तर जीभ कच्च्या सुपारीने आखडते तशी आखडते. आठ-दहा वर्षं जुनी मिळाली तर घ्या, नाहीतर दोन तास आधी दुसऱ्या भांड्यात ओतून ठेवा. तिथले लोक ती डुकराच्या पिल्लाच्या रोस्टसोबत पितात, चरबी आणि तो तुरटपणा एकमेकांना सांभाळून घेतात. मी चरबीवाल्या सुक्या मटणासोबत लावली, जमली.

कोलारेसच्या वेली लिस्बनजवळ समुद्राकाठच्या वाळूत, वेलींची मुळं खाणारी फायलोक्सेराची कीड त्या वाळूत पोचलीच नाही, म्हणून इतर ठिकाणांसारख्या किडीला दाद न देणाऱ्या मुळांवर कलम न केलेल्या. महाग आहे, एकदाच घेतली.

आणि हो, उन्हाळ्यात रेड अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मगच ओता, इथले लोकही ठेवतात, कोणी नावं ठेवत नाही.

भारतात येताना २ लिटरच ड्यूटी फ्री, म्हणजे धड दोनच बाटल्या बसतात. माझं मत दोन्ही दाओंच्या आणाव्यात असं असतं, पण बाबांना अलेंतेजोच आवडते, त्यामुळे एक एक.