मायक्रोबायोलॉजीचं प्रॅक्टिकल: मोबाइलवर की लॅबमध्ये?

बारावीचा निकाल लागला की जत-तासगावकडून पालकांचे फोन सुरू होतात. "सर, बीएस्सी मायक्रोबायोलॉजीचं प्रॅक्टिकल ऑनलाइन चालत नाही का? एसटीनं सांगलीला यायचं म्हणजे पोरीचा निम्मा दिवस जातो." प्रश्न रास्त आहे. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मी मोबाइलवरच प्रॅक्टिकल घेतली, त्यामुळे दोन्हीची चव माहीत आहे.

ग्रॅम स्टेनिंग घ्या, म्हणजे जिवाणू रंगवून त्यांचे दोन गट ओळखायची पद्धत. क्रिस्टल व्हायोलेट 1 मिनिट, आयोडीन 1 मिनिट, मग अल्कोहोल, शेवटी सॅफ्रानिन. हा क्रम पाठ करायला स्क्रीन झकास. दहादा चुका, बोटं जांभळी होत नाहीत. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या व्हर्च्युअल लॅब्स तर फुकट आहेत. पण खरी मेख अल्कोहोलमध्ये. 10-20 सेकंदांचा खेळ, जरा जास्त वेळ धुतलं की जांभळा दिसायला हवा तो स्टॅफिलोकोकस जिवाणू गुलाबी दिसतो. स्क्रीनवर तो कधीच गुलाबी होत नाही. लॉकडाऊननंतरच्या बॅचमधल्या एकीनं मला सगळा क्रम घडाघडा म्हणून दाखवला, आणि स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला जिवाणूंचा थर, असा जाड केला की मायक्रोस्कोपच्या 100एक्स भिंगाखाली नुसता लगदा. दुसऱ्यानं स्मिअर काचेला चिकटावा म्हणून स्लाइड बर्नरवरून फिरवायची, ती फिरवलीच नव्हती. नळाखाली धरली तसा स्मिअर बेसिनमध्ये.

कृष्णेच्या पाण्याची एमपीएन तपासणीही (पाण्यात साधारण किती जिवाणू आहेत याचा अंदाज) तशीच. डरहॅम ट्यूबमध्ये, म्हणजे आत उलटी ठेवलेल्या छोट्या नळीत, बुडबुडा दिसला म्हणजे जिवाणूंनी केलेला गॅस, असं व्हिडिओ सांगतो. आमच्याकडे एकदा पाण्याचा नमुना न घातलेल्या, तुलनेसाठी ठेवलेल्या नळीतही (कंट्रोल) बुडबुडा होता! नळी भरतानाची हवा तशीच राहिली होती. कंट्रोल का ठेवायचा, हे त्या दिवशी सगळ्या बॅचला न सांगता कळलं.

ऑनलाइन सरस कुठे? गणितात. एमपीएनचा तक्ता, डायल्यूशन (नमुना किती पातळ केला त्याचा हिशेब), प्लेटवर वाढलेले जिवाणूंचे ठिपके म्हणजे कॉलनी मोजणं हे घरी बसून, पुन्हापुन्हा थांबवून जास्त चांगलं होतं. रोगजंतूंचे प्रयोगही बीएस्सीच्या लॅबमध्ये न केलेलेच बरे, ते बघावेत. शिवाय आधीच दूध संघाच्या किंवा साखर कारखान्याच्या लॅबमध्ये हात चालणाऱ्या मुलाला ऑनलाइन खुशाल चालेल.

बाकीच्यांनी मात्र एसटीचा पास काढावा. व्हिडिओ आदल्या रात्री बघून यावं, म्हणजे लॅबमधला वेळ 'आता काय ओतू?' विचारण्यात जात नाही. जिवाणू वाढावेत म्हणून प्लेट 37 अंशांना 24 तास ठेवायची असते, म्हणून दुसऱ्या दिवशीही यावं लागतं. ही कटकट खरी आहे, आणि त्याला माझ्याकडे उपाय नाही.

एक मात्र करा. 'प्रत्यक्ष प्रॅक्टिकल' एवढ्या शब्दांवर प्रवेश घेऊ नका. एका मायक्रोस्कोपमागे किती मुलं, ते विचारा. तीस जण दोन मायक्रोस्कोपभोवती उभे राहणार असतील, तर मोबाइल परवडला. आणि ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेच्या दाबानं लॅबचं सामान निर्जंतुक करणारं यंत्र, बघून या. त्याच्यावर जुन्या जर्नल्सचा ढीग असेल, तर तिथे 121 अंश बऱ्याच दिवसांत कोणी पाहिलेले नाहीत.