फी घेणारा सल्लागार : पुण्यातील एका सेवेचा चौदा महिन्यांचा अनुभव

सेबी या भांडवली बाजाराच्या नियामक संस्थेकडे नोंदणी असलेल्या आणि केवळ ठरावीक फी घेऊन काम करणाऱ्या पुण्यातील एका गुंतवणूक सल्लागाराची सेवा आम्ही उभयतांनी गेले चौदा महिने घेतली. पुढे काही तक्रारीही मांडल्या असल्यामुळे त्यांचे नाव येथे देत नाही.

पहिल्या वर्षाची फी ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये होती. ठरावीक फीसाठी सेबीने एका कुटुंबामागे वर्षाला १,५१,००० रुपयांची कमाल मर्यादा घातलेली आहे, तेव्हा हा आकडा अवाजवी म्हणता येणार नाही. तरीही चेक लिहिताना हात अडखळला, हे खरे. त्याआधीची बारा वर्षे आमचा सल्ला ‘फुकट’ होता. तो बँकेतून येत असे, आणि त्याच्यासोबत दर मार्चमध्ये एखादी नवी पॉलिसीही येत असे.

तो फुकट सल्ला किती रुपयांना पडत होता, हे पहिल्याच बैठकीत कळले. म्युच्युअल फंडांचे जे एकत्रित खाते-विवरण सहामाहीला आपल्याला येते, त्यात वितरकाला, म्हणजे फंड विकणाऱ्या मध्यस्थाला, मिळालेल्या कमिशनचा रकाना असतो. मी तो कधी वाचलेलाच नव्हता. आमच्या साधारण ३१ लाखांच्या रेग्युलर, म्हणजे वितरकामार्फत घेतलेल्या, योजनांवर सहा महिन्यांत १३,२०० रुपये गेले होते. १ जानेवारी २०१३ पासून त्याच योजना डायरेक्ट स्वरूपात, वितरकाच्या कमिशनविना मिळतात, हे मला ऐकून माहीत होते. पण फरकाचा आकडा स्वतःच्या नावासमोर छापलेला दिसणे ही वेगळीच गोष्ट असते. अर्थात हिशेब प्रामाणिकपणे मांडायचा तर पहिल्या वर्षी आमची काहीही बचत झाली नाही. फी कमिशनपेक्षा जास्त पडली, आणि काही महिने तर दोन्ही भरावे लागले.

याचे कारण असे, की रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणे म्हणजे करखात्याच्या दृष्टीने विक्रीच असते. मी उत्साहाच्या भरात सगळे एकदम हलवायला निघालो होतो; सल्लागारांनी थांबवले. ज्या युनिट्सना वर्ष पूर्ण झालेले नाही त्यांना हात लावायचा नाही, आणि जुन्या युनिट्सवरचा नफा वर्षाला सव्वा लाखाच्या करमुक्त मर्यादेत राहील अशा बेताने, तीन आर्थिक वर्षांत विभागून ती हलवायची, असा तक्ता त्यांनी करून दिला. दोन फोलिओ (फंडांतील खाती) त्यामुळे अजून रेग्युलरमध्येच आहेत. ही घाई न करण्याची शिस्त मला या सेवेतील सर्वांत मोलाची वाटली. विमा आणि बचत एकत्र असलेल्या तीन एण्डोमेंट पॉलिसींबाबतही ‘सगळ्या मोडा’ असा सरधोपट निकाल न देता त्यांनी प्रत्येकीचा परतावा काढून दाखवला. दोन पेड-अप केल्या, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर तशाच ठेवल्या, मुदतीला तीनच वर्षे उरलेली तिसरी चालू ठेवली, आणि दीड कोटींचा टर्म इन्शुरन्स (बचत नसलेला निव्वळ आयुर्विमा) आधी हातात पडेपर्यंत त्यातील एकीचाही हप्ता थांबवू दिला नाही.

घरखर्चाचा प्रसंग सांगण्यासारखा आहे. महिन्याचा खर्च विचारल्यावर मी ४५,००० म्हणून मोकळा झालो. पत्नीने पिशवीतून हिशेबाची वही काढली आणि ६८,००० हा आकडा कामवालीच्या दिवाळीच्या बोनसासकट वाचून दाखवला. त्यानंतर सल्लागारांनी प्रश्न तिलाच विचारले, आणि ते योग्यच झाले. दागिने मालमत्तेत धरायचे का, या प्रश्नावर मात्र तिने ‘ते विकण्यासाठी नाहीत’ एवढेच सांगितले आणि त्यांनीही ती ओळ वाद न घालता खोडली.

आता तक्रारी. अहवाल ४३ पानांचा आणि संपूर्ण इंग्रजीत होता. त्यातील निम्मी पाने कोणत्याही कुटुंबाला चिकटवता येतील अशी होती. शेअरशी निगडित फंडांवर १२ टक्के परतावा गृहीत धरून मी ५७ व्या वर्षी निवृत्त होऊ शकतो, असे त्यात लिहिले होते. मी तो १० टक्के धरून पुन्हा गणित करायला सांगितले, तेव्हा निवृत्तीचे वय ५९ वर गेले. दोन टक्क्यांनी दोन वर्षे हलत असतील, तर ही गोष्ट ग्राहकाने विचारण्याआधी सल्लागाराने सांगायला हवी होती.

शिवाय सल्ला आणि अंमलबजावणी यांत मोठी दरी आहे. आईच्या एका जुन्या फोलिओत नॉमिनेशन नव्हते आणि केवायसीतील नावाचे स्पेलिंग पॅनकार्डाशी जुळत नव्हते. ‘आम्ही मदत करू’ असे आश्वासन मिळाले होते. प्रत्यक्षात ईमेलला उत्तर यायला आठ दिवस लागले, आमचे काम पाहणारा मुलगा मधल्या काळात नोकरी सोडून गेला, आणि नव्या माणसाला सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागली. शेवटी मी कार्यालयातून अर्धा दिवस रजा काढून ते काम स्वतः उरकले.

अशी सेवा घेऊ इच्छिणाऱ्यांनी समोरच्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर अवश्य पडताळावा. सल्लागाराचा क्रमांक ‘आयएनए’ या अक्षरांनी सुरू होतो, तर म्युच्युअल फंड वितरकाकडे ‘एआरएन’ क्रमांक असतो. सल्लागार म्हणून नोंदणी नसलेल्या वितरकाने स्वतःला ‘वेल्थ अ‍ॅडव्हायझर’ म्हणवून घेण्यास नियमाने मनाई आहे, तरीही तशी व्हिजिटिंग कार्डे माझ्या खणात दोन सापडली. वितरक वाईटच असतो असे नाही. कागदपत्रांसाठी धावणारा वितरक मला गेल्या वर्षभरात अनेकदा आठवला.

दुसऱ्या वर्षाच्या नूतनीकरणाची फी १५,००० रुपये आहे आणि ती मी भरली. गृहीतकांचे पान मराठीत आणि सर्वांत आधी द्यावे, अशी अट मी घातली; बैठक शनिवारीच ठेवावी, ही अट पत्नीची, कारण वही घेऊन तिला स्वतः यायचे आहे.