हॉस्पिटलात नवीन लागलेल्यांसाठीचं ऑनलाईन ट्रेनिंग आणि मानसिक आधाराचं ॲप: माझा रिव्ह्यू

आमच्याकडे वॉर्डबॉय, आया, हाउसकीपिंग, ट्रॉलीवाले सगळ्यांना हे ॲप कंपल्सरी केलंय. अर्ध्यात ट्रेनिंगचे व्हिडिओ आणि अर्ध्यात टेन्शन आलं तर बोलायची सोय असं ते एकत्र आहे. नवीन पोरापोरींबरोबर मीही सगळं पूर्ण केलं. वॉर्डात बरीच वर्षं काढलीत त्यामुळे कामाचं काय आणि नुसतं दाखवायला काय ते लगेच कळतं. नाव लिहीत नाही, अशी ॲप बरीच आहेत, घेताना काय बघायचं ते महत्त्वाचं.

आधी ट्रेनिंगचं सांगते कारण ते खरंच चांगलं जमलंय. आमच्या कामात नवीन माणसाला कोणी कारण सांगत नाही, हे उचल, ते पूस, तिकडे ने, बस. इथे प्रत्येक गोष्टीचं कारण सांगितलंय. हात धुण्याच्या व्हिडिओत एक बाई हाताला चमकणारं जेल चोळते, नेहमीसारखे हात धुते आणि मग निळ्या लाइटखाली धरते, तर तळवे स्वच्छ पण अंगठ्याची मागची बाजू, नखांच्या कडा आणि बोटांची टोकं अजून चमकतायत. ते बघितल्यावर साबणाने ४० ते ६० सेकंद आणि सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद का लागतात ते वेगळं समजवावं लागत नाही. आणि पेशंटला हात नाही लावला, नुसता लॉकर सरकवला किंवा बेडचं रेलिंग पुसलं तरी नंतर हात स्वच्छ करायचे हे पण नीट सांगितलंय, आमच्या लोकांचं नेमकं तेच राहतं. काही जुलाबाच्या इन्फेक्शनमध्ये जंतूंचे बीजाणू सॅनिटायझरने मरत नाहीत म्हणून तिथे साबण-पाणीच पाहिजे, हे तर जुन्या लोकांना पण माहीत नव्हतं.

सुई टोचण्याचा भाग सगळ्यात भारी. सगळ्यांना वाटतं सुई नर्सला टोचते, पण कचऱ्याची पिशवी हाताने दाबून भरणाऱ्याला आणि ती पायाला घासत नेणाऱ्याला पण टोचते, कारण कोणीतरी सुई चुकीच्या डब्यात टाकलेली असते. व्हिडिओत स्पष्ट सांगितलंय, पिशवी दाबायची नाही, अंगापासून लांब धरायची. टोचलंच तर जखम पिळायची नाही, ब्लीच ओतायचं नाही, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची आणि लगेच कळवायचं. एचआयव्हीच्या बचावाच्या गोळ्या लागल्या तर जितक्या लवकर सुरू होतील तितकं चांगलं, ७२ तासांच्या आत तर सुरू व्हायलाच पाहिजेत आणि २८ दिवस घ्यायच्या. नवीन पोरं ओरडा बसेल म्हणून लपवतात आणि तोच वेळ हातातून जातो, त्यामुळे हे पहिल्याच दिवशी कानावर पडलं पाहिजे. हिपॅटायटिस बी ची लस घेतली का हे पण विचारलंय, पण ती कुठे आणि कोणाकडे मागायची ते नाही सांगितलं.

आता कमी काय ते. कचऱ्याच्या डब्यांचे जे रंग शिकवलेत ते आमच्याकडच्या रंगांशी जुळत नाहीत. प्रत्येक देशात रंगांचे नियम वेगळे असतात, तरी कोर्स बनवणाऱ्यांनी एकच चार्ट सगळ्यांना चिकटवलाय, हे धोक्याचं आहे, नवीन माणूस पाठ करून येतो आणि पहिल्याच दिवशी चुकीच्या डब्यात टाकतो. आणि पेशंट उचलणं व्हिडिओ बघून येत नाही म्हणजे नाही. व्हीलचेअरचे ब्रेक लावा, पायाच्या पट्ट्या बाजूला करा, पेशंटला जवळ घेऊन गुडघे वाकवा, हे ऐकायला सोपं, पण अंग सैल सोडलेल्या माणसाचं वजन हातात आल्याशिवाय कळत नाही. छाती दाबून हृदय चालू करायचं तसंच, मिनिटाला १०० ते १२० वेळा हे क्विझमध्ये बरोबर येतं पण किती जोराने दाबायचं ते पुतळ्यावर हात ठेवल्यावरच समजतं. कोर्सनंतर प्रॅक्टिकल नसेल तर सर्टिफिकेट घेऊन उपयोग नाही.

मानसिक आधाराच्या भागाबद्दल मला जास्त बोलायचंय. त्यात श्वासाचे ऑडिओ आहेत, रोज मूड विचारणारे चेहरे आहेत, आणि काउन्सेलरशी फोनवर बोलायची सोय आहे. श्वासाचा ऑडिओ वाईट नाही, पण एकट्याने तीस पेशंटचा वॉर्ड सांभाळून आलेल्या बाईला श्वास घ्या सांगणं म्हणजे तिचा प्रॉब्लेम तिच्याच डोक्यात आहे असं म्हणण्यासारखं झालं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला आजार नाही तर कामाच्या जागी सतत राहणाऱ्या आणि नीट न हाताळलेल्या ताणातून येणारी अवस्था असं धरलंय, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक बदलायला पाहिजे, नुसती बाई नाही. कोर्समध्ये हा विषय येतच नाही.

काउन्सेलरची सोय मात्र खरी आहे. आमच्यातल्या एका नवीन मुलाने पहिल्यांदाच बॉडी गुंडाळून शवागारात नेली, त्यानंतर तो जेवेना, कोणाशी बोलेना. फोनवर जी बाई होती तिने त्याला सल्ले नाही दिले, काय काय झालं ते शांतपणे ऐकलं, झोप लागते का विचारलं आणि पुन्हा कधी बोलायचं ते ठरवलं. तो परत कामावर आला, आता नीट आहे. म्हणून ह्या सोयीचे पैसे वाया नाही असं मी म्हणते. पण ती सोय फक्त ऑफिसच्या वेळेत! नाईटवाल्याला रडू येतं पहाटे, तेव्हा फोन उचलायला कोणी नाही.

आणि एक, लॉगिन एम्प्लॉयी नंबरने होतं, मग रोजचा मूड कोण बघतं हे कुठेच लिहिलेलं नाही. आमच्यातले बरेच जण रोज हसरा चेहरा दाबतात आणि पुढे जातात, सुपरवायझरला कळेल म्हणून. मी मॅनेजमेंटला हे लेखी विचारलंय. तुमच्याकडे हे ॲप येणार असेल तर आधीच विचारून घ्या, आणि व्हिडिओ ड्युटीच्या वेळेत बघायला मिळणार का सुट्टीत, ते पण.

ट्रेनिंगला पाचपैकी चार, आधाराला अडीच. रात्रीचा काउन्सेलर सुरू केला आणि मूड कोण बघतं ते लिहून दिलं तर दुसरा आकडा वाढवीन.