जुना सर्व्हर, नवा डेबियन : आठ महिने वापरल्यावर

फोंड्यात आमचा छापखाना आहे. जत्रेची पत्रकं, लग्नपत्रिका, नाटकांचे फलक, असं वीस वर्षांचं काम मागच्या खोलीतल्या विंडोज सर्व्हर २००३ वर साठलंय. त्याचे अपडेट जुलै २०१५ मध्येच बंद झाले. पण देवळाची माणसं ‘मागच्या वर्षीचंच पत्रक काढा, तारीख तेवढी बदला’ म्हणत येतात आणि ती फाईल तिथेच असते.

गेल्या जूनमध्ये कामाच्या मशीनवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली टाकली. सर्व्हरचा फोल्डर माउंट करायला, म्हणजे या मशीनवर जोडायला गेलो तर ‘होस्ट इज डाऊन’, एरर ११२. पिंग मात्र व्यवस्थित जात होतं. केबल आणि स्विच तपासण्यात माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. खरं कारण वेगळंच निघालं. सर्व्हर २००३ ला फक्त एसएमबी१ (नेटवर्कवरून फायली देण्याघेण्याच्या पद्धतीची जुनी आवृत्ती) येतं, आणि लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल, तो ४.१३ पासून, म्हणजे २०१७ पासून, सांगितल्याशिवाय ते वापरत नाही. माउंटच्या पर्यायांत ‘व्हर्स=१.०’ लिहिलं आणि माउंट झालं.

इथे बरेच जण अडकतात. सांबा, म्हणजे लिनक्सवरचं एसएमबीचं सॉफ्टवेअर, त्याच्या कॉन्फिग फाईलमध्ये ‘क्लायंट मिन प्रोटोकॉल’ एनटी१ (म्हणजे एसएमबी१) केलं की त्याचा एसएमबीक्लायंट हा प्रोग्रॅम चालू लागतो, पण माउंट त्या फाईलकडे बघतच नाही. दोन्ही ठिकाणी वेगवेगळं सांगावं लागतं. जुन्या लेखांतलं ‘सेक=एनटीएलएम’ही (पासवर्ड तपासण्याची जुनी पद्धत) टाकू नका, कर्नल ५.१५ मध्ये ते काढून टाकलंय. त्याऐवजी सर्व्हर २००३ ला एनटीएलएमएसएसपी चालतं. पासवर्ड वेगळ्या फाईलमध्ये ठेवून तिला ६०० परवानगी द्या, म्हणजे मालकाशिवाय कोणी ती वाचू शकणार नाही. कॅरॅक्टर सेट यूटीएफ८ असल्याचं स्पष्ट लिहा. बाबांनी फोल्डरांना मराठी नावं दिली आहेत. ‘म्हार्दोळ जत्रा’ हे नाव काना-मात्रेसकट पडद्यावर उमटलं तेव्हा बाबा खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले.

एसएमबी१ सगळ्या मशीनवर उघडू नका, हे मी कळकळीने सांगतो. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच वाटेने पसरला होता. तेव्हा मायक्रोसॉफ्टने सर्व्हर २००३ साठीही पॅच काढला होता, तो बसवलाय का ते आधी बघा. आमच्याकडे डेबियनला दोन नेटवर्क कार्डं आहेत. एकाची केबल थेट जुन्या मशीनला जाते, दुसऱ्यावरून सांबा बाकीच्यांना एसएमबी३ ने फायली देतो. जुनं मशीन इंटरनेटला जोडलेलंच नाही आणि माउंट फक्त वाचण्यापुरतं आहे. नवीन काम डेबियनच्या डिस्कवर जातं.

जुलैच्या पावसात लाईट गेली आणि आली. डेबियन आधी उठला, जुना सर्व्हर डिस्क तपासत बसला आणि माउंट फसलं. सकाळी फोल्डर रिकामा बघून बाबांचा चेहरा उतरला. ‘सगळं गेलं रे?’ एवढंच ते म्हणाले. त्याच दिवशी एफएसटॅबमध्ये (काय काय माउंट करायचं त्याची यादी असलेली फाईल) ‘एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट’ घातलं. आता फोल्डर उघडला की त्या क्षणी माउंट होतं. त्यानंतर लाईट कितीदा गेली, पण तसं पुन्हा झालं नाही.

तक्रार एकच, हजारो फायलींचा फोल्डर उघडायला फार वेळ लागतो. लहान चित्रं दाखवणं बंद केल्यावर जरा सुसह्य झालं.

दर रविवारी आरसिंक हा फायली कॉपी करायचा प्रोग्रॅम लावून एकेक वर्ष नव्या डिस्कवर उतरवतोय. २०११ पर्यंतचं झालं.