कॅसिनो: गोव्याचा होकार, महाराष्ट्राचा नकार

गंमत बघा: १९७६ साली गोव्यात जुगारबंदीचा कायदा झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने कॅसिनोला परवानगी देणारा कायदा केला. पुढे घडलं नेमकं उलट.

गोव्याने १९९२मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रं चालू दिली, नंतर बोटींवर पत्त्यांची टेबलंही. आज पणजीसमोर मांडवीत त्या बोटी उभ्याच असतात. हॉटेलवाले म्हणतात, पावसात किनारे ओस पडतात, कॅसिनो नाही. खोल्या भरतात, टॅक्सीला भाडं मिळतं. पण पर्यटनातच पोट असलेल्या छोट्या खानावळवाल्याला विचारा! प्रवेशाच्या पैशांतच जेवण आणि दारू मिळाल्यावर गिऱ्हाईक त्याच्याकडे कशाला येईल? २०२०पासून गोंयकारांना तिथे खेळायला बंदी आहे, हेही बोलकंच.

महाराष्ट्राचा कायदा कधी अमलातच आला नाही. २०२३मध्ये तो रद्द झाला. मुंबई-पुण्याचा खेळणारा पैसा गोव्यात जातो, तो इथे का नको, हा कॅसिनोच्या बाजूचा युक्तिवाद. चुकीचा नाही, पण अपुरा वाटतो. अजिंठा-वेरूळला किंवा गडांवर येणाऱ्याला चांगला रस्ता आणि स्वच्छ शौचालय हवं असतं, रूलेट नव्हे.

उद्या कुणी हा विषय पुन्हा काढलाच, तर हिशेब नव्याने मांडावा लागेल: कॅसिनोवरचा जीएसटी ऑक्टोबर २०२३पासून खेळण्यासाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के होता, सप्टेंबर २०२५पासून तो ४० टक्के झाला आहे.