मागच्या सीटच्या हेडसेटचं सॉकेट हलवलं: काही महिन्यांच्या वापरानंतर

वायरने जोडलेला इंटरकॉम (हेल्मेटमधल्या हेडसेटवरून पुढच्या-मागच्याने आपसात बोलायची सोय) असणाऱ्या बऱ्याच मोठ्या टूरिंग मोटरसायकलींवर मागे बसणाऱ्याच्या हेडसेटचं सॉकेट नेमकं पायाच्या वाटेत येतं. चढता-उतरता बुटाची टाच प्लगवर बसते, वायर मांडी आणि आर्मरेस्टच्या मध्ये चेपते, आणि तोंड आभाळाकडे असेल तर आत पाणी साचतं. आमच्या गाडीवर ते डाव्या बाजूला, मागे बसणाऱ्याच्या कमरेच्या जरा मागे, ग्रॅब रेलच्या (मागच्याने धरायच्या दांडीच्या) बोल्टवर ब्रॅकेट घेऊन बसवलं. पाऊस, धूळ, कडक ऊन, दिवसदिवसभराचं रनिंग हे सगळं होऊन गेलं आहे. काम पक्कं टिकलं आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळे जागेबद्दल विचारतात, पण खरा प्रश्न सॉकेटचं तोंड कुठल्या दिशेला ठेवायचं हा आहे. मागचा माणूस कधी ना कधी प्लग काढायचा विसरून उठणार, हे धरूनच चालायचं. तेव्हा ओढ पुढे आणि वर अशी बसते. प्लग त्या ओढीत सरळ सुटून आला तर काहीच बिघडत नाही. ओढ आडवी बसली तर प्लगची पत्र्याची कडी चेपते (हा गोल, अनेक पिनांचा डिन प्लग असतो, त्याच्या कडीचा व्यास 13.2 मिमी), पिना वाकतात आणि सॉकेटमधल्या स्प्रिंगा सैल पडतात. पाण्याच्या दृष्टीने मात्र तोंड खाली हवं. या दोन्हींचा मेळ असा घातला: तोंड पुढच्या बाजूला आणि आडव्या रेषेपासून साधारण 15 अंश खाली. पाणी थांबत नाही आणि प्लगही अडकत नाही. पक्कं करण्याआधी मागच्या माणसाला हेल्मेट घालून बसवा, हेडसेटची स्प्रिंगसारखी गुंडाळीची वायर जोडून उभं राहायला सांगा आणि ओढ कुठून येते ते पाहून टेपवर खूण करा. ही पाच मिनिटं वाचवू नका. आटे असलेली लॉकची रिंग प्लगला असेल तर मागच्या सीटवर ती कधीच आवळू नये.

वायरिंगचे दोन मार्ग आहेत. मूळ केबल कापून लांबवायची, किंवा एक्स्टेंशन केबल करून मूळ सॉकेट सीटखाली सरकवायचं. आम्ही दुसरा मार्ग घेतला, कारण गाडी पूर्ववत करता येते. केबल 50 सेंमी पुरली. होंडा गोल्ड विंगच्या जीएल1800 वर सॉकेट 5 पिनांचं असतं, हार्लेच्या 1998 नंतरच्या बऱ्याच टूरिंग गाड्यांवर 7 पिनांचं. विकत घेण्याआधी पिना मोजा आणि मांडणीही जुळवा, कारण 5 पिनांत 180 आणि 240 अंश (पिना ज्या कमानीत मांडलेल्या असतात तिचा कोन) असे दोन प्रकार मिळतात आणि ते एकमेकांत बसत नाहीत. 180 अंशाच्या प्रकारात पिना ओळीने 1, 4, 2, 5, 3 अशा येतात, आणि सोल्डरच्या बाजूने पाहिलं की क्रम उलटा दिसतो. बहुतेक चुका इथेच होतात. आकडे मोजत बसण्यापेक्षा मल्टीमीटर कंटिन्युइटीवर ठेवून एकेक पिन या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासा, आणि शेजारच्या पिनांशी शॉर्ट नाही हेही बघा.

केबल निवडताना स्पीकरची काळजी नको. 24 गेजच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला 0.084 ओहम, त्यामुळे अर्ध्या मीटरने आवाजात फरक पडत नाही. जपायचं असतं ते माइकला, कारण त्याचा सिग्नल मिलिव्होल्टमध्ये असतो. माइकच्या वायरींना स्वतंत्र जाळीचं शिल्ड असलेलीच केबल घ्या. माइकची ग्राउंडची वायर आणि स्पीकरची कॉमन वायर ‘दोन्ही निगेटिव्हच’ म्हणून एकत्र जोडू नका, आणि शिल्ड नव्या ब्रॅकेटमधून गाडीच्या बॉडीला टेकू देऊ नका. टेकलं की ग्राउंड लूप (ग्राउंडला दोन वाटा मिळून तयार होणारं वेटोळं) तयार होतो आणि इंजिनाच्या आरपीएमबरोबर चढणारी शिट्टी कानात येते. म्हणून सॉकेटचं धातूचं अंग आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये नायलॉनचे वॉशर घातले आहेत.

गाडीवर सीबी रेडिओ (गाड्यांमधून आपसात बोलायचा वायरलेस सेट) असेल तर ही केबल त्याच्या अँटेनाच्या केबलबरोबर बांधू नका. 27 मेगाहर्ट्झवर रेडिओ बोलायला लागला की ती ऊर्जा माइकच्या वायरीत शिरते आणि इंटरकॉममध्ये चिरका आवाज येतो. दोन्हींत हातभर अंतर ठेवा, ओलांडावीच लागली तर काटकोनात. इग्निशन कॉइल आणि अल्टरनेटरच्या वायरींनाही हाच नियम.

सोल्डर करताना सॉकेटमध्ये एक जुना प्लग घालून ठेवा. सोल्डरिंग आयर्नच्या उष्णतेने आतलं प्लॅस्टिक मऊ होतं आणि पिना जागा सोडतात, प्लग त्यांना धरून ठेवतो. प्रत्येक पिनेला दोन-तीन सेकंद, त्याहून जास्त नाही. सोल्डर वायरीत जिथपर्यंत चढतं तिथपर्यंत ती ताठ होते, आणि थरथरीने नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला तुटते. त्यामुळे आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह त्या कडेच्या 15 ते 20 मिमी पुढपर्यंत न्यायची. सॉकेटपासून 4-5 सेंमीवर रबर लावलेला पी क्लिप, म्हणजे ओढ सांध्यावर येत नाही.

ब्रॅकेटला 2 मिमीची 5052 या प्रकारच्या अॅल्युमिनियमची पट्टी घेतली. 6061 टी6 हा प्रकार कडक, काटकोनात वाकवली की बाहेरच्या बाजूला तडे जातात. पट्टी ग्रॅब रेल आणि फ्रेमच्या मध्ये सारायची नाही, तो सांधा वजन पेलतो. बोल्टच्या डोक्याखाली ठेवायची, बोल्ट त्याच ग्रेडचा आणि मूळ बोल्टपेक्षा पट्टीच्या जाडीइतका जास्त लांब घ्यायचा, आणि गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळायचा. ज्यांना पॅनेललाच भोक पाडायचं आहे त्यांनी आधी 3 मिमीचं भोक पाडून स्टेप ड्रिल हळू चालवावं, मागे लाकडी ठोकळा धरावा. तिथे थ्रेडलॉकचं (नट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचं) द्रव वापरू नका, एबीएस प्लॅस्टिक त्याने तडकतं. नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा) नट पुरेसा आहे. टॉप बॉक्सच्या झाकणावर तर सॉकेट नकोच, बिजागरीपाशी केबल वाकून वाकून आतल्या आत तुटते.

आता इतक्या वापरानंतरची स्थिती. प्लग जोडलेला असतानाच उठण्याचे प्रसंग आले, प्रत्येक वेळी तो सरळ सुटला, पिना शाबूत आहेत. प्रवासात वायर मांडीखाली येत नाही, हा फायदा मागे बसणाऱ्यांना सगळ्यात जास्त जाणवतो. आवाजाचा दर्जा आधीइतकाच आहे.

कमकुवत दुवा एकच, सीटखाली गेलेला जुना सांधा, म्हणजे मूळ सॉकेटमध्ये एक्स्टेंशनचा प्लग बसतो ती जागा. संगीत स्वच्छ ऐकू येत होतं, पण मागच्या माणसाचं बोलणं खडबडीत रस्त्यावर खरखरायला लागलं. कारण सरळ आहे. थरथरीने कथिलाचा मुलामा घासला जातो, त्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो. स्पीकरचा प्रवाह तो थर भेदतो, माइकचा एवढासा सिग्नल भेदू शकत नाही. सांधा उघडला तेव्हा पिनांवर काळपट ठिपके दिसले, अगदी जिथे स्प्रिंग टेकते तिथेच. प्लॅस्टिकला चालेल असा कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, सोन्याचा मुलामा असलेला प्लग लावला, डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात दिला आणि तो सांधा फोममध्ये गुंडाळून झिप टायने फ्रेमला बांधला. त्यानंतर खरखर नाही. नव्याने करणाऱ्यांनी हा प्लग पहिल्यापासूनच घ्यावा.

सॉकेटवरची रबरी टोपी उन्हाने कडक झाली, ती दर हंगामात बदलण्याची वस्तू समजा. सीट काढताना केबल ताणली जाऊ नये म्हणून सीटखाली 6-7 सेंमी ढील ठेवली आहे, आणि ती ढील सॉकेटच्या पातळीच्या खाली लोंबते, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी तिथेच गळून पडतं.