ऐरोलीत ३ किलोवॅट सोलर: ग्रिडला जोडायचा खर्च आधी विचारा

ऐरोलीच्या आमच्या रो हाऊसवर ३ किलोवॅटचं ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेलं, सोलर बसवलंय, पावसाळाही काढून झाला म्हणून आता लिहितेय. पॅनल सगळेच दाखवतात, पण कोटेशनमध्ये खरी गडबड असते ती महावितरणच्या लाइनला जोडायच्या खर्चात.

आम्ही ठाणे-नवी मुंबईतल्या बऱ्याच वेंडरकडून कोटेशन घेतली. एकाचा आकडा एकदम कमी, पण खाली बारीक अक्षरात "नेट मीटर व लायझनिंग वेगळे" (नेट मीटर म्हणजे घेतलेली आणि लाइनला परत दिलेली वीज, दोन्ही मोजणारा मीटर; लायझनिंग म्हणजे वीज कंपनीकडची कागदपत्रं आणि धावपळ), किती ते लिहिलंच नाही, फोन केला तर म्हणे ऑफिसला जाऊन आल्यावर सांगतो. दुसऱ्याने फिजिबिलिटी रिपोर्टचे, म्हणजे लाइनला तेवढं सोलर झेपेल का ते तपासायचे, पैसे लावलेले. याचा मला खरंच राग आला. १० किलोवॅटपर्यंतच्या सोलरला टेक्निकल फिजिबिलिटी लागतच नाही, २०२४ ला नियम बदललाय, सँक्शन लोड (घराला मंजूर असलेला वीजभार) कमी पडत असेल तर तोही त्याच अर्जात वाढतो, आणि ५ किलोवॅटपर्यंत लाइन-ट्रान्सफॉर्मरचं काही काम निघालंच तर तो खर्च वीज कंपनीचा. मग ग्राहकाकडून कसले पैसे घेता? वयस्कर माणसं एकटी राहतात, ती मुकाट्याने देऊन टाकतात हो.

शेवटी घणसोलीच्या एका छोट्या वेंडरला काम दिलं. आकडा सगळ्यात कमी नव्हता, पण मीटर, मीटर टेस्टिंग, अर्ज, एसीडीबी-डीसीडीबी (सुरक्षेच्या स्विच-फ्यूजचे डबे), अर्थिंग, लायटनिंग अरेस्टर (आकाशातल्या विजेपासून बचावाचा), प्रत्येकाची रक्कम वेगळी लिहून दिली आणि नंतर एक रुपया वाढवला नाही. खाडीची हवा खारी म्हणून नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे वापरले, ते मी न सांगता. लाइट गेली की सोलरपण बंद होणार हेही त्यांनीच आधी सांगितलं, बाकीचे यावर गप्प होते.

पॅनल चढले तरी नेट मीटर लागेपर्यंत सिस्टीम चालू करता येत नाही, म्हणून शेवटचा हप्ता मीटर लागल्यावरच द्यायचा असं आधीच लिहून घेतलं होतं, तुम्हीपण घ्या, नाहीतर पैसे मिळाले की फोन उचलत नाहीत असं शेजाऱ्यांच्या बाबतीत झालंय. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेची ७८ हजार सबसिडी सगळं चालू झाल्यावर खात्यात येते, त्यामुळे आधी पूर्ण रकमेची सोय ठेवा, आणि पॅनल भारतीय सेलचे म्हणजे डीसीआर पाहिजेत, नाहीतर ती मिळत नाही.

बिल शून्य होईल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, स्थिर आकार येतोच. जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात वळते होतात, ३१ मार्चला हिशोब होतो. आमचं उन्हाळ्यातलं बिल मात्र खूपच उतरलं, एसी लावूनसुद्धा.

वेंडरला ५ पैकी ४. एक स्टार कापला कारण मोबाइल ॲपवर युनिट दिसेनात तेव्हा माणूस पाठवायला फार उशीर केला.

कळवा-मुंब्रा-शीळवाल्यांनो, तुमच्याकडे वीज टोरंट कंपनी देते, तर जोडणीचे दर तिथेच विचारा, आमच्यावरून अंदाज बांधू नका.